क्रॅश डंप कुठे पडावेत? फोल्डरचं नाव सगळ्यात शेवटी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. महापे एमआयडीसीतली तुमची कंपनी दवाखाने आणि पॅथॉलॉजी लॅबसाठी नोंदणीचे किऑस्क बनवते. आत डेबियन १३ या लिनक्सवर बेतलेली तुमची स्वतःची इमेज (सगळं बसवून तयार केलेली सिस्टम) आहे, ८ जीबी रॅम, ६४ जीबीची ईएमएमसी (बोर्डावरचीच साठवण, म्हणजे तुमची डिस्क) आणि नेटसाठी सिमकार्डाचा राउटर. मशीन ठाणे, कळवा, वाशी, पनवेल अशी विखुरलेली. नव्या इमेजमध्ये क्रॅश डंप (कोसळताना मेमरीत जे होतं त्याची फाइल) बाय डिफॉल्ट कुठे साठवायचे यावरून ऑफिसात तीन तट पडलेत. मॅनेजर म्हणतात /टेंपमध्ये (तात्पुरत्या फाइल्सच्या फोल्डरात) टाका, आपोआप साफ होईल. सर्व्हर सांभाळणारे म्हणतात डिस्कवर ठेवूच नका, थेट आमच्याकडे पाठवा. तुमचं मत /व्हार/क्रॅश.

तिघांत तुम्ही सगळ्यात जवळ आहात, पण तेही अर्धंच बरोबर. फोल्डर कोणतं यावर भांडण्याआधी तीन गोष्टींची उत्तरं हवीत: कोसळत असलेल्या मशीनला त्या जागी लिहिता येईल का, तिथली जागा भरली तर बाकी काय बंद पडेल, आणि ती फाइल कोण उघडू शकेल. ही उत्तरं मिळाली की फोल्डर जवळजवळ आपोआप ठरतं. आणि हे सगळं डिफॉल्टबद्दल आहे हे विसरू नका. ऑफिसातला डेव्हलपर स्वतःला हवं ते सेटिंग करून घेईल. डिफॉल्ट लागू होणार आहे कळव्याच्या लॅबमधल्या त्या मशीनला, जिथे रिसेप्शनच्या ताईंना फक्त मागचं बटण दाबून बंद-चालू करणं माहीत आहे.

आधी एक गोष्ट वेगळी करून घेऊ, कारण तुमच्या प्रश्नात ती मिसळली आहे. एखादा प्रोग्रॅम कोसळला की त्याच्या मेमरीची जी फाइल पडते ती कोर डंप. तेव्हा कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, धडधाकट असतो, फाइल सिस्टम चालू असते, लिहिण्यात फारशी अडचण नसते. कर्नलच पॅनिक झाला, म्हणजे तोच कोसळला, तर गोष्ट निराळी. तिथे लिहिणाराच गेलेला असतो. या दोघांना एकच नियम लावायला गेलात की घोडं अडलंच.

प्रोग्रॅमच्या कोर डंपचं युनिक्सचं जुनं डिफॉल्ट म्हणजे प्रोग्रॅम ज्या डिरेक्टरीत उभा असेल तिथेच 'कोर' नावाची फाइल टाकायची. विद्यापीठाच्या सामायिक मशीनवर स्वतःचाच प्रोग्रॅम तपासणाऱ्या माणसासाठी ते ठीक होतं. आज त्याचे तोटे बघा. सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) रूट डिरेक्टरीत उभी असेल आणि तिला तिथे लिहायची परवानगी नसेल, तर डंप गुपचूप पडतच नाही. ती वेबसाइटच्या फोल्डरात उभी असेल तर डंप तिथे पडतो आणि पत्ता माहीत असलेला कोणीही तो ब्राउझरमधून उतरवून घेतो. प्रकार ऐकायला विनोदी वाटतो, पण सुरक्षा तपासणी करणारे लोक वेबसाइटच्या मुळाशी 'कोर' नावाची फाइल आहे का हे मुद्दाम बघतात, ते उगाच नाही. शिवाय डेबियनवर वेगळं काही बसवलं नाही तर कोर फाइलच्या आकाराची मर्यादा मुळातच शून्य असते, म्हणजे डंप कुठेच पडत नाही. तुमच्या सध्याच्या इमेजमध्ये बहुधा हेच चालू आहे. "आमच्याकडे क्रॅश फार होत नाहीत" असं तुमच्या टीममध्ये कोणी म्हणत असेल, तर आधी ही मर्यादा किती आहे ते बघायला सांगा.

आता /टेंप. मॅनेजरसाहेबांचा तर्क जुन्या डेबियनपुरता कसाबसा चालला असता. डेबियन १३ मध्ये, म्हणजे ऑगस्ट २०२५ पासून, /टेंप बाय डिफॉल्ट टीएमपीएफएसवर असतं. ती डिस्क नव्हेच, ती रॅम. तिला रॅमच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे तुमच्या मशीनवर ४ जीबीपर्यंत, वाढायची मुभा असते. आता विचार करा: मेमरी कमी पडल्यामुळे एखादा प्रोग्रॅम गडबडला आणि कोसळला, आणि त्याचा डंप तुम्ही उरलेल्या मेमरीतच लिहिताय. दुष्काळात तेरावा महिना तो हाच. इतकं करून ताईंनी बटण दाबलं की सगळं पुसलं. /व्हार/टेंप डिस्कवर असतं आणि रीबूटनंतर टिकतं, पण डेबियन १३ च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये तिथल्या ३० दिवसांहून जुन्या फाइल्सही झाडल्या जातात, आणि मुख्य म्हणजे ती सगळ्यांना लिहिता येणारी जागा आहे. डंपसारखी नाजूक चीज तिथे ठेवू नये.

प्रोग्रॅमच्या डंपसाठी तुम्ही सिस्टमडी-कोरडंप हे पॅकेज बसवा. सिस्टमडी म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारी आणि सांभाळणारी व्यवस्था. कर्नलच्या कोर-पॅटर्न सेटिंगची सुरुवात पाइपच्या उभ्या रेघेने केली, तर कर्नल फाइल स्वतः न लिहिता डंप एका हँडलर प्रोग्रॅमच्या हातात देतो. ही सोय २.६.१९ पासूनची आहे, नवी नव्हे. सिस्टमडीचा हँडलर तो डंप दाबून छोटा करतो, /व्हार/लिब/सिस्टमडी/कोरडंप इथे ठेवतो आणि जर्नलमध्ये (सिस्टमडीच्या लॉगमध्ये) नोंद करतो: कोणता प्रोग्रॅम, कोणता सिग्नल, स्टॅक ट्रेस (कोसळताना कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं होतं ती साखळी) काय. कोरडंपसीटीएल ही एक आज्ञा दिली की यादी समोर. तुम्ही हाताने लिहिलेली कुठलीही स्क्रिप्ट यापेक्षा बरी होईल असं मला वाटत नाही. मी अशा पुष्कळ स्क्रिप्ट पाहिल्यात. फाइलच्या नावात वेळ घालायला विसरलेली स्क्रिप्ट तर हमखास भेटते, म्हणजे दुसरा डंप पहिल्यावर जाऊन बसतो.

मात्र याची डिफॉल्ट मर्यादा समजून घ्या. ज्या फाइल सिस्टमवर डंप पडतात तिच्या १० टक्क्यांपर्यंत ते वाढू शकतात आणि १५ टक्के जागा मोकळी ठेवली जाते. मोठ्या सर्व्हरवर हे शहाणपणाचं आहे. तुमच्याकडे जागेचा हिशेब वेगळा आहे, तो आकड्यांत करून दाखवतो, कारण बहुतेक किऑस्कवाले इथेच फसतात.

समजा नोंदणीचा प्रोग्रॅम ७०० एमबी मेमरी खातो आणि एका बिघडलेल्या नोंदीमुळे सुरू होताच कोसळतो. सर्व्हिस फाइलमध्ये 'कायम रीस्टार्ट कर' आणि 'मध्ये ५ सेकंद थांब' असं लिहिलेलं आहे. जवळजवळ सगळेच असं लिहितात. सिस्टमडीमध्ये सतत कोसळणारी सर्व्हिस रोखण्यासाठी आवर असतो: १० सेकंदांत ५ वेळा सुरू झाली की पुढे सुरू करायची नाही. पण तुम्ही मध्ये ५ सेकंदांची सुट्टी दिलीत, त्यामुळे १० सेकंदांत ५ चा आकडा कधी गाठलाच जात नाही. आवर आहे, पण तो लागूच होत नाही. मर्यादा न घातलेल्या, दर वेळी वेगळ्या नावाने पडणाऱ्या साध्या कोर फाइलचं धरलं तर १०० एमबी प्रतिसेकंद लिहिणाऱ्या ईएमएमसीवर ७०० एमबीला ७ सेकंद, वर ५ सेकंद थांबणं, म्हणजे १२ सेकंदांना एक डंप. मिनिटाला साडेतीन जीबी. मोकळे ४० जीबी पाव तासाच्या आत संपले. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्या लोकांची रांग लागलेली असताना हे होतं, आणि त्यानंतर डेटाबेसलाही लिहायला जागा नसते. एका बिघडलेल्या नोंदीपायी आख्खं मशीन बसलं.

त्या ७ सेकंदांकडेही लक्ष द्या. डंप लिहून होईपर्यंत तो प्रोग्रॅम पुन्हा सुरू होत नाही. म्हणजे डंपचा आकार हा तुमच्या पडद्यावरच्या काळोखाचा कालावधी आहे. म्हणून किऑस्कवर संपूर्ण मेमरीचा हट्ट धरू नका.

माझा सल्ला: ईएमएमसीवर डंपसाठी ६ जीबीचं वेगळं पार्टिशन काढा. टक्केवारीवर विसंबू नका, मर्यादा आकड्यात लिहा. एकूण २ जीबी प्रोग्रॅमच्या डंपना, एका डंपला जास्तीत जास्त ५०० एमबी, उरलेलं कर्नलसाठी. वेगळ्या पार्टिशनचा फायदा असा की मर्यादा लिहिण्यात कोणाची चूक झाली तरी डंप रूटची, म्हणजे मुख्य फाइल सिस्टमची, जागा खाऊच शकत नाहीत. सिस्टमडी-कोरडंपचा पत्ता प्रोग्रॅममध्येच पक्का बांधलेला आहे, तो सेटिंगने बदलत नाही. म्हणून पार्टिशन /व्हार/क्रॅशवर माउंट करा आणि त्याच्या आतली एक डिरेक्टरी कोरडंपच्या जागी बाइंड माउंट करा (म्हणजे तीच डिरेक्टरी त्या दुसऱ्या पत्त्यावरही दिसेल). तुमचं /व्हार/क्रॅश इथे उपयोगी पडलं, पण नावामुळे नाही, ते स्वतंत्र पार्टिशन झाल्यामुळे. तुमची रूट फाइल सिस्टम रीड-ओन्ली असून वर रॅममधला ओव्हरले, म्हणजे बदल फक्त रॅममध्ये ठेवणारा थर, असेल (किऑस्कवाले करतात, आणि चांगलं करतात), तर मग हे वेगळं पार्टिशन ऐच्छिक राहत नाही. त्याशिवाय काहीच टिकणार नाही.

आणखी एक गोष्ट, जी पुस्तकात फारशी सापडत नाही. मर्यादा भरली की सिस्टमडी सगळ्यात जुने डंप आधी काढतो. एरवी योग्य, पण सतत कोसळण्याच्या चक्रात तुम्हाला हवा असतो तो पहिला डंप. पहिल्या वेळी मूळ दोष दिसतो, पुढच्या वेळी नुसतेच त्याचे पडसाद: अर्धवट लिहिलेली फाइल, अडकलेलं लॉक. म्हणून एक छोटं टायमर युनिट (ठरल्या वेळी चालणारं सिस्टमडीचं काम) ठेवा, जे दर आवृत्तीचा पहिला डंप बाजूच्या डिरेक्टरीत उचलून ठेवेल. आणि रीस्टार्टच्या आवराची खिडकी १० सेकंदांवरून ५ मिनिटांवर न्या. एवढ्यानेच वरचं पाव तासाचं संकट टळतं.

आता फाइल कोण उघडेल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या तिन्ही मतांपैकी एकातही याचा उल्लेख नाही.

डंप म्हणजे लॉग नव्हे. लॉगमध्ये तुम्ही ठरवून लिहिलेलं असतं. डंपमध्ये त्या क्षणी मेमरीत जे पडलेलं होतं ते सगळं येतं. पंचनाम्यात जसं घरातलं सामान सरसकट नोंदलं जातं, त्यात कपाटातल्या खाजगी चिठ्ठ्याही येतात, तसं. नोंदणीच्या प्रोग्रॅमचा एखादा डंप घ्या आणि त्यावर स्ट्रिंग्ज ही साधी आज्ञा चालवा. डीबगर लागत नाही, कौशल्य लागत नाही. आधी लायब्ररींची नावं आणि फॉन्टचे पत्ते धावत जातात. मग मध्येच एक ओळ येते: डेटाबेस जोडणीची, यूजरनेम आणि पासवर्डसकट, कारण प्रोग्रॅमने ती सुरुवातीला वाचली आणि मेमरीत तशीच ठेवली. थोडं खाली नोंदणीचा फॉर्म सापडतो: रुग्णाचं नाव, वय, मोबाइल, 'संदर्भ डॉक्टर' आणि कोणती तपासणी. ओटीपीचा मेसेज तयार करणारा मजकूरही तिथेच, आकड्यासकट. आधीच्या दोन-तीन रुग्णांचे तुकडेसुद्धा मिळतात, कारण मोकळी केलेली मेमरी लगेच पुसली जात नाही. ज्या लॅबमध्ये एचआयव्हीची तपासणी होते तिथल्या डंपमध्ये काय असेल हे मी लिहायला नको.

म्हणून डिरेक्टरी फक्त रूट या सर्वाधिकारी यूजरला वाचता यावी. सिस्टमडी फाइल रूटच्या मालकीची ठेवतो आणि ज्याचा प्रोग्रॅम कोसळला त्या यूजरला वाचायची वेगळी परवानगी देतो. एरवी ही सोय चांगली, पण तिच्यातच मे २०२५ मध्ये फट सापडली. क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की सिस्टमडी-कोरडंपमध्ये आणि उबुंटूच्या अपोर्ट या क्रॅश नोंदवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वेळेची शर्यत जिंकून साधा यूजर एखाद्या विशेषाधिकारी प्रोग्रॅमचा डंप वाचू शकतो आणि त्यातून पासवर्डचे हॅश मिळवू शकतो. दुरुस्त्या आल्या, अपडेट घेतलं असेल तर तुम्ही सुरक्षित आहात. पण किऑस्कवर सेटयूआयडी प्रोग्रॅमचे (जे चालवणाऱ्याच्या नव्हे, मालकाच्या, सहसा रूटच्या, अधिकाराने चालतात) डंप हवेतच कशाला? एफएस.सुइड-डंपेबल हे कर्नल सेटिंग शून्य करा. सिस्टमडी-कोरडंप बसवलं की ते २ होतं, त्यामुळे तुम्हाला ते मुद्दाम बदलावं लागेल. प्रोग्रॅम तुमचाच असेल तर आणखी एक करता येतं: पासवर्ड आणि रुग्णाची माहिती ज्या मेमरीत असते तिच्यावर 'हे डंपमध्ये घेऊ नकोस' अशी खूण करायची. मॅडव्हाइज या कर्नल कॉलमधली ही सोय लिनक्स ३.४ पासून आहे. वापरणारे कमी, एवढंच.

सर्व्हरवाल्यांच्या मताकडे येतो. थेट नेटवर्कवर पाठवणं हे डेटा सेंटरच्या आत शोभतं. ऐरोली-रबाळेच्या मोठ्या डेटा सेंटरमध्ये शेजारच्या रॅकवर डंप पाठवणं आणि घोडबंदर रोडवरच्या बेसमेंटमधल्या लॅबमधून सिमकार्डावर ५०० एमबी पाठवणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मशीन बहुतेक वेळा अशाच क्षणी कोसळतं जेव्हा नेटवर्कचाही भरवसा नसतो. कधीकधी नेटवर्कचा ड्रायव्हरच कारण असतो. तेव्हा डिफॉल्ट नेहमी स्थानिक डिस्क, पाठवणं ही नंतरची, वेगळी पायरी. आणि आपोआप पाठवायचं ते फक्त सारांश: प्रोग्रॅमची आवृत्ती, बिल्ड-आयडी (नेमकी कोणती बिल्ड ते सांगणारी खूण), स्टॅक ट्रेस, सिग्नल. ते काही किलोबाइट्स असतात. पूर्ण डंप मागितल्यावरच, लॅबला विचारून, एनक्रिप्ट करून. फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या सिस्टमने इथे सुरेख गोष्ट केली आहे. कर्नलचा डंप सार्वजनिक किल्लीने लिहितानाच एनक्रिप्ट करता येतो, खाजगी किल्ली ऑफिसात. ज्या मशीनने डंप लिहिला त्याला स्वतःलाही तो वाचता येत नाही. मशीनच चोरीला गेलं तरी काळजी नाही. प्रोग्रॅमच्या डंपसाठी हीच पद्धत तुम्हाला एका छोट्या युनिटमध्ये उतरवता येईल.

डंप घरापासून दूर गेला की काय होऊ शकतं याचं गाजलेलं उदाहरण मायक्रोसॉफ्टचं. २०२३ मध्ये हल्लेखोरांनी चोरलेल्या सायनिंग किल्लीच्या (लॉगिन खरं असल्याची सही करणाऱ्या किल्लीच्या) जोरावर अमेरिकी सरकारी खात्यांचे ईमेल वाचले. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने सांगितलं की एप्रिल २०२१ च्या एका क्रॅश डंपमध्ये ती किल्ली राहून गेली आणि तो डंप बंदिस्त नेटवर्कमधून डीबगिंगच्या, इंटरनेट असलेल्या नेटवर्कमध्ये हलवला गेला असावा. मार्च २०२४ मध्ये त्यांनीच दुरुस्ती केली की किल्ली असलेला असा डंप प्रत्यक्षात सापडलेला नाही. माझ्या दृष्टीने दुसरी बाब पहिलीइतकीच बोलकी आहे. डंप कुठून कुठे गेला, कोणी उघडला, याची खात्रीशीर नोंद इतक्या मोठ्या कंपनीकडेही उरली नव्हती. तुमच्या सर्व्हरवर डंप उतरवणाऱ्या प्रत्येकाची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा.

कायद्याचं थोडक्यात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, आणि काही जण त्या नियमाचा आधार घेऊन डंपही सहा महिने साठवतात. माझ्या मते ते उलटं आहे. क्रॅशची नोंद लॉगमध्ये आहे, ती १८० दिवस ठेवा. डंपमध्ये रुग्णांची माहिती आहे, आणि डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा रोख गरज संपली की माहिती पुसा असाच आहे. मी मशीनवर १४ दिवस ठेवीन. तुमच्या वकिलांना एकदा दाखवून घ्या.

आता कर्नल. कर्नल पॅनिक झाला की फाइल सिस्टमवर विश्वास ठेवता येत नाही. लॉक कोणाच्या हातात अडकलेत माहीत नसतं, आणि चुकीच्या ब्लॉकवर लिहिलं तर धडधाकट डेटाही जाईल. विंडोजने यातून काढलेली वाट अशी: सुरू होतानाच पेजफाइल (रॅम अपुरी पडली की वापरायची फाइल) डिस्कवर नेमकी कुठे आहे ते टिपून ठेवायचं, कोसळताना फाइल सिस्टमला न विचारता थेट तिथे लिहायचं, आणि पुढच्या बूटला ते उचलून विंडोज फोल्डरात मेमरी.डीएमपी या नावाने ठेवायचं. तुमच्या लॅबमध्ये काउंटरवर विंडोज पीसी असतीलच, म्हणून सांगतो: एसएसडी वाचवायला पेजफाइल डी ड्राइव्हवर हलवायची सवय आपल्याकडच्या हार्डवेअरवाल्यांना फार. तसं केलं आणि रजिस्ट्रीत वेगळी डेडिकेटेड डंप फाइल नेमली नाही, तर निळा पडदा दिसतो पण डंप मिळत नाही. इव्हेंट लॉगमध्ये व्हॉल्मगर या डिस्कचे भाग सांभाळणाऱ्या ड्रायव्हरची ४६ क्रमांकाची नोंद दिसली की समजायचं.

लिनक्सची वाट वेगळी आहे. केडंप या कर्नल डंपच्या सोयीत रॅमचा एक तुकडा बूटलाच राखून ठेवतात. पहिला कर्नल कोसळला की त्या तुकड्यात दुसरा, ताजा कर्नल उठतो आणि तो डिस्क नीट माउंट करून डंप लिहितो. म्हणून इथे साधं फोल्डर चालतं आणि डेबियनचं केडंप-टूल्स पॅकेज /व्हार/क्रॅशच वापरतं. किंमत रॅममध्ये मोजायची. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ मध्ये ४ ते ६४ जीबी रॅमसाठी २५६ एमबी राखले जातात. तुमच्या ८ जीबीत ते परवडतं. लिहिताना मेकडंपफाइल या डंप गाळून लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला ३१ ही पातळी द्या, केडंप-टूल्समध्ये तीच डिफॉल्ट आहे. तिने शून्यांची पानं, कॅश, यूजर प्रोग्रॅमची मेमरी आणि मोकळी पानं वगळली जातात. ८ जीबीच्या जागी बहुतेक वेळा काहीशे एमबीच उरतात, आणि रुग्णांची माहितीही बव्हंशी बाहेर राहते. कोणी "सगळंच घेऊ, लागलं तर असावं" म्हणून ही पातळी कमी करत असेल तर हात धरा.

किऑस्कवर केडंप फसतो तो मात्र जागेमुळे नाही, वॉचडॉगमुळे. मशीन अडकलं तर आपोआप रीसेट व्हावं म्हणून तुम्ही बोर्डावरचा हार्डवेअर वॉचडॉग चालू केलेला असणार, समजा ३० सेकंदांचा. कर्नल पॅनिक होतो, दुसरा कर्नल उठतो, डंप लिहायला लागतो, आणि तिसाव्या सेकंदाला वॉचडॉग खटकन रीसेट करतो. /व्हार/क्रॅशमध्ये अर्धवट फाइल, किंवा काहीच नाही, आणि लोक जागा बदलून बदलून थकतात. दुसऱ्या कर्नलमध्येही वॉचडॉगचा ड्रायव्हर असायला हवा आणि त्याने ठोके देत राहायला हवं, नाहीतर मुदत डंपच्या वेळेपेक्षा लांब हवी. हे तपासायला मुद्दाम पॅनिक घडवा: सिसआरक्यू-ट्रिगर फाइलमध्ये सी हे एक अक्षर लिहिलं की कर्नल तिथल्या तिथे कोसळतो. ऑफिसातल्या व्हर्च्युअल मशीनवर नको, खऱ्या किऑस्कवर, खऱ्या ईएमएमसीसकट. आणि डिस्क एनक्रिप्टेड असेल तर बघा, दुसरा कर्नल पासफ्रेज मागत बसतो का. तसं असेल तर डंपचं पार्टिशन एनक्रिप्शनच्या बाहेर काढणं हा सोपा मार्ग वाटतो, पण मग वरची सार्वजनिक किल्लीची युक्ती केल्याशिवाय काढू नका.

ईएमएमसीच गेली तर? त्यासाठी पीस्टोअर चालू ठेवा. पॅनिकच्या आधीच्या शेवटच्या काही ओळी यूईएफआयच्या (बोर्डावरच्या फर्मवेअरच्या) साठवणीत किंवा राखीव रॅममध्ये टिकतात आणि पुढच्या बूटला सिस्टमडी त्या उचलून /व्हार/लिब/सिस्टमडी/पीस्टोअरमध्ये ठेवतो. तेवढ्यावरून निम्म्याहून जास्त वेळा कारण कळतं असा माझा अनुभव. फक्त यूईएफआयची साठवण भरू देऊ नका. २०१३ मध्ये काही सॅमसंग लॅपटॉप ती भरल्यावर उठायचेच बंद झाले होते.

पावसाळ्यात तुमच्याकडे "क्रॅश झालं पण डंप नाही" अशा तक्रारी वाढतील. त्यातल्या बऱ्याच वीज गेल्याच्या असतात, कर्नलला पॅनिक व्हायलाही वेळ मिळालेला नसतो. जर्नल मध्येच तुटलेलं असेल आणि पीस्टोअर रिकामं असेल तर आधी यूपीएसची बॅटरी बघा, मग इमेज.

राहता राहिली आधीच बसवलेली मशीन, ज्यांचं पार्टिशन तुम्ही लांबून बदलू शकत नाही. तिथे जुन्या रूटवरच २ जीबीची एक फाइल आधीच राखून ठेवा, तिच्यावर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टम चढवा आणि लूप माउंट करून (म्हणजे फाइललाच डिस्कसारखं जोडून) ती कोरडंपच्या डिरेक्टरीवर बसवा. जागेला पक्की वेस मिळते आणि अपडेटमधून हे ढकलता येतं. या फाइलमध्ये कर्नलचा डंप टाकायला जाऊ नका. दुसऱ्या कर्नलच्या छोट्या इनिटरॅमएफएसमध्ये (बूट होतानाच्या तात्पुरत्या फाइल सिस्टममध्ये) लूप माउंटचा खटाटोप करण्यात अर्थ नाही. त्या मशीनवर कर्नलसाठी फक्त पीस्टोअर चालू करा, आणि मशीन दुरुस्तीला महापेला परत येईल तेव्हा नवी इमेज चढवा.